नवी मुंबईतील एका रुग्णालयाची लहान पुरवठादारांसाठीची योजना : ऑर्डर चांगली, बिलाचे काम अपुरे

महिला उद्योजक, अनुसूचित जाती-जमातींचे उद्योजक आणि सूक्ष्म उद्योग यांच्याकडून माल घेण्यासाठी नवी मुंबईतील एक मोठे खासगी रुग्णालय स्वतंत्र पुरवठादार योजना चालवते. रबाळे औद्योगिक वसाहतीतील आमचा शिलाई कारखाना या योजनेत नोंदलेला असून आम्ही तेथे चादरी, रुग्णांचे गाऊन आणि शस्त्रक्रियागृहात लागणारे हिरवे कापड पुरवतो. अशी योजना लहान कारखानदाराच्या खरोखर उपयोगाची असते का, असे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील ओळखीचे उद्योजक विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. माल घेण्याच्या पद्धतीबाबत ही योजना मला मनापासून आवडली. पैसे देण्याच्या पद्धतीबाबत तसे म्हणता येत नाही.

योजनेचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ऑर्डरचे विभाजन. बहुतेक मोठी रुग्णालये वर्षभराच्या सगळ्या कापडाचे एकच रेट कॉन्ट्रॅक्ट (ठरलेल्या दराने पुरवठ्याचा करार) काढतात आणि त्याला मागील तीन वर्षांच्या मोठ्या उलाढालीची व तेवढ्याच खाटांच्या रुग्णालयाला माल पुरवल्याच्या अनुभवाची अट जोडतात, त्यामुळे वीस-पंचवीस शिलाई यंत्रांचा कारखाना दर विचारला जाण्याआधीच बाहेर पडतो. येथे मात्र वस्तूनुसार आणि विभागानुसार वेगळी ऑर्डर निघते. पहिली ऑर्डर एखाद्या वॉर्डापुरती असते आणि माल धुलाईत टिकला तर पुढची वाढते. दर्जात कोठेही सवलत नाही, आणि ती नसावीच, कारण हे कापड जखमेजवळ जाते. नमुना धुलाई विभागात वारंवार धुतला जातो, ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) काढला जातो, त्यानंतर कापड किती आटले, रंग उतरला का आणि शिवण उसवली का, याची नोंद होते. संसर्ग नियंत्रणाच्या परिचारिका आणि धुलाई विभागाचे प्रमुख असे दोघेही त्यावर लेखी शेरा देतात. गाऊनच्या नाडीचा जोड साध्या टाक्याने न शिवता बार-टॅक यंत्राने, म्हणजे दाट आडव्या टाक्यांनी, पक्का करावा, कारण रुग्णाला उचलताना ताण नेमका तेथेच येतो, ही सूचना आम्हाला या शेऱ्यातूनच मिळाली. नमुना नाकारला तरी कारण लिहून देणारा खरेदी विभाग विरळा असतो, आणि लहान उत्पादकाला सवलतीपेक्षा अशा कारणाचा उपयोग कितीतरी अधिक होतो.

पडताळणी कडक आहे आणि तिला वेळ लागतो, तरी मी तिचे समर्थन करते. रुग्णालयांचा बराचसा माल वितरकांमार्फत येतो, आणि पत्नीच्या किंवा बहिणीच्या नावाने फर्म काढून 'महिला उद्योजक' म्हणवून घेणे अवघड नसते. अमेरिकेत १९६९ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने अल्पसंख्याक उद्योजकांसाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय सुरू झाले. तेथे आज रूढ असलेला निकष असा, की संबंधित गटातील व्यक्तीकडे किमान ५१ टक्के मालकी तर हवीच, शिवाय कारभार आणि निर्णयही तिच्याच हाती हवेत. या रुग्णालयाचे लोकही नुसत्या उद्यम प्रमाणपत्रावर (उद्योगाच्या सरकारी नोंदणीच्या कागदावर) न थांबता कारखान्यात येऊन वीजबिल, हजेरीपत्रक आणि बँक खात्यावर सही कोणाची आहे हे पाहतात.

अशा उद्योजकांकडून माल घेण्याची खासगी रुग्णालयावर कायदेशीर सक्ती नाही. केंद्राच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार मंत्रालये व सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते; त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. निविदेसोबत भरायची बयाणा रक्कम माफ असते, आणि सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त दर दिलेल्या लघुउद्योगाला तो दर सर्वांत कमी दराइतका खाली आणून ऑर्डरचा काही भाग मिळवता येतो. या रुग्णालयाने स्वतःहून पाऊल उचलले याचा आदर आहेच, परंतु कोणत्या गटाकडून वर्षाला किती खरेदी करायची, याचा आकडा त्याने जाहीर केलेला नाही. तो असल्याशिवाय खरेदी अधिकारी बदलला तरी योजना टिकेल, याची खात्री नोंदलेल्या उद्योजकाला वाटत नाही.

आता बिलाविषयी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ प्रमाणे लेखी करार असला तरी देयकाची मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ होणारे व्याज द्यावे लागते. ही मुदत माल प्रत्यक्ष पोचल्यापासून मोजायची असते. खरेदीदाराने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली असेल तरच ती हरकत दूर झाल्याच्या दिवसापासून. रुग्णालय मात्र ४५ दिवस जीआरएनच्या (माल मोजून घेतल्याच्या पावतीच्या) तारखेपासून मोजते, आणि स्टोअरमध्ये मोजणी रखडली की जीआरएनही रखडतो. आम्ही कापड भिवंडीहून थोड्या दिवसांच्या उधारीवर उचलतो आणि कामावरच्या महिलांचा पगार महिन्याला ठरल्या तारखेस करतो. अशा कारखान्याला हे लांबलेले दिवस बँकेच्या कॅश क्रेडिटवर (खेळत्या भांडवलाच्या कर्जावर) काढावे लागतात आणि व्याजात नफ्याचा मोठा हिस्सा जातो. तिप्पट व्याज मागण्याचा हक्क कागदावर आहे, पण पुढची ऑर्डर ज्यांच्याकडून हवी त्यांच्याकडे ते व्याज कोणी मागत नाही. म्हणून ही दुरुस्ती रुग्णालयानेच करायला हवी : गेटवरील आवक शिक्क्याची तारीख हीच देयकाची मुदत सुरू होण्याची तारीख धरावी. वॉर्डापुरती ऑर्डर काढण्याइतका विचार ज्यांनी केला, त्यांना हे जड नाही.

नोंदणी करू इच्छिणाऱ्यांनी उद्यम प्रमाणपत्रावर मुख्य काम उत्पादन किंवा सेवा असल्याची खात्री आधी करून घ्यावी, कारण केवळ व्यापार नोंदलेल्यांना विलंबित देयकाचे संरक्षण मिळत नाही. माल पोचवतानाच्या प्रत्येक चलनावर गेटचा शिक्का तारखेसह घ्यावा आणि उद्यम क्रमांक बिलावर छापावा : सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे देणे मुदतीत न दिल्यास आयकर कायद्यातील तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यात कलम ४३ब(एच)), २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून, खरेदीदार कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिलेल्या वर्षीच वजा करता येतो, आणि त्यामुळे तिचा लेखा विभाग हा क्रमांक पाहतो. ज्यांच्याकडे दोन महिन्यांचे खेळते भांडवल आहे, त्यांनी येथे जरूर नोंदणी करावी. ज्यांच्याकडे ते नाही, त्यांनी पहिली ऑर्डर मुद्दाम लहान मागून घ्यावी, खरेदी विभाग ती देतो.