पैठणला जाऊन-येऊन शंभर किलोमीटर: सीट, टायर आणि पॅडच्या चड्डीचा हिशेब

आधी सायकल सांगते, म्हणजे पुढचं कोणाला लागू पडेल ते कळेल. ॲल्युमिनियमची फ्रेम, डिस्क ब्रेक, शिमानो क्लॅरिसचे गिअर, पुढे ५० आणि ३४ दात्यांची दोन चेनव्हील, मागे ११ ते ३२ दात्यांच्या चकत्यांची कॅसेट. रोड सायकलींमधली पहिली पायरी म्हणतात तसली. माझं वजन साठच्या आसपास, वय चाळिशीपलीकडे, राहणं संभाजीनगरात. गेला पावसाळा सरल्यावर घेतली, हिवाळा आणि उन्हाळा तिच्यावर काढला, आता पुन्हा पाऊस लागलाय. एरवी सकाळी दौलताबादपर्यंत जाऊन परत, सुट्टीला वेरूळ, बदनापूर किंवा पैठण.

डोक्यात २०० किलोमीटरची बीआरएम आहे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. तिला साडेतेरा तास मिळतात, आणि चहा, पंक्चर, लघवी सगळं त्याच वेळात धरलं जातं. म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्या आसपास पडलं की झालं. एवढा वेग नेमाने सायकल चालवणाऱ्या कोणालाही जमतो. दिवसभर त्या सीटवर बसवतं का, हाच खरा प्रश्न. त्यामुळे इथे वेगाचं काही सापडणार नाही. बूड, तळहात, गुडघे आणि ऊन, एवढंच.

सगळ्यात जास्त फरक टायरने पडला. सायकलीसोबत २५ मिलिमीटर रुंदीचे आले होते आणि दुकानातून १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरून मिळाली. शहरातल्या काँक्रीटवर मस्त पळायची. पण बिडकीनच्या पुढे काळ्या रानातला रस्ता लागतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरचं डांबर तिच्याबरोबर खालीवर होतं. गाडीतून सपाट वाटणारा रस्ता सायकलला लाटांचा लागतो. त्यात कुठे खडी उघडी पडलेली असली की मनगटापासून दातापर्यंत सगळं थरथरतं. ढोरकीन येईपर्यंत हात बधिर, आणि पैठण अजून लांबच.

३२ चे टायर टाकले आणि हवा पुढे ५०, मागे ५५ वर आणली. त्याच रस्त्यावर तीच सायकल वेगळी चालायला लागली. रुंद टायर जड चालतो असं आपल्याकडे अजून सांगतात. गुळगुळीत ट्रॅकवर कडक टायरचा थोडा फायदा असेलही. खडबडीत रस्त्यावर मात्र कडक टायर दर खड्याला सायकल आणि माणूस दोघांना उचलतो, आणि पायातली ताकद पुढे जाण्याऐवजी त्या हादऱ्यांत जाते. शर्यतीवाले उगाच २३ वरून २८ वर आलेले नाहीत. माझा पैठणचा वेळ तर वाढला नाही, आणि परत आल्यावर स्वयंपाकाला उभं राहवतं.

टायर बदलण्याआधी फ्रेममध्ये जागा किती आहे ते बघा. टायरच्या दोन्ही अंगांना आणि वर चार-पाच मिलिमीटर तरी मोकळे हवेत. पावसात ट्रॅक्टर शेतातून निघताना रस्त्यावर चिखल आणतात. कमी जागेत तो बसला की चाक जाम. रिम ब्रेकच्या बऱ्याच रोड सायकलींना २८ च्या वर काही बसत नाही. तरी २५ पेक्षा २८ बरे, आणि तेही नाही बसले तर निदान हवा कमी करून बघा, त्याला पैसे पडत नाहीत. टायरच्या अंगावर छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते, तेवढी भरलीच पाहिजे असं नाही. शिवाय आपलं ऊन लक्षात घ्या. पहाटे २५ अंशांत ५५ भरलेली हवा, टायर तापून ४५ अंशांवर गेला की ६० च्या जवळ जाते. त्याने टायर फुटत नाही, पण सकाळचा मऊपणा अकरा वाजता राहत नाही.

पंक्चरचं सांगायचं तर दिवाळीच्या आगेमागे कडेच्या गवतातले सराटे, आणि कोणी झुडपं तोडून फांद्या तशाच टाकल्या तर वेड्या बाभळीचे काटे. जालना रस्त्याला तिसराच त्रास आहे: ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. आतून पट्टा असलेले जाड टायर घेतल्यापासून पंक्चर कमी झालं, बंद झालं नाही. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट नव्हे, कापडाचा बोळा फिरवायचा. तार असली तर कापडाला अडकते. आणि रोड सायकलच्या बारीक व्हॉल्व्हला गावातल्या कॉम्प्रेसरची नळी लागत नाही, त्यासाठी पितळेची छोटी टोपी मिळते. एक पाकिटात आणि एक सीटखालच्या पिशवीत ठेवा. ती नव्हती तेव्हा ढोरकीनच्या पंक्चरवाल्या दादांनी ट्यूब हातात धरून विचारलं होतं, “ताई, ही लेकराच्या सायकलीची हाय का? लई बारीक हाय.” पैसे मात्र घेतले नाहीत.

आता सीट. कंपनीची सीट मला पहिल्या तासानंतर टोचायची. दुकानात लगेच जेलचं कव्हर पुढे करतात. शहरात भाजी आणायला जाणाऱ्याला ते चालेल. लांबच्या राइडला नको, कारण जिनिंगमधल्या सरकीच्या ढिगावर बसलं की माणूस मधोमध रुततो आणि कडा वर येतात, तसंच त्यात होतं. बसायची दोन हाडं खाली जातात, जेल मधल्या नाजूक भागावर चढतं, आणि तिथल्या नसा दाबल्या जातात. मुंग्या येणं हे त्याचंच लक्षण. भार हाडांवर हवा, मांसावर नको. त्यासाठी सीट थोडी कडक, पण आपल्या हाडांच्या मापाची लागते.

माप घरी निघतं. पन्हाळी पुठ्ठ्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवायचा, पाय जरा उंचावर घेऊन त्यावर पुढे वाकून बसायचं, उठून दोन खळग्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं. त्यात दोन-अडीच सेंटिमीटर मिळवले की सीटच्या रुंदीचा अंदाज येतो. मला १५५ मिलिमीटरची लागली, मधे खाच असलेली. बायकांची हाडं सरासरीने जास्त अंतरावर असतात हे खरं, तरी ‘लेडीज सीट’ अशी पाटी बघून घेऊ नका. माझ्या मैत्रिणीला १४३ ची पुरली आणि तिच्या नवऱ्याला माझ्यासारखीच लागली. नवी सीट अंगाला सरावायला काही आठवडे जातात, पण रोज त्याच जागी दुखत राहिलं तर सरावाची वाट बघत बसू नका, बदला. माप घेऊनही दोन सीटींत फरक पडतो. परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्या एवढं सांगेन.

सीटची पातळी मोबाइलमधल्या लेव्हलवर बघितली. टोक दोन अंश जरी खाली झुकलं तरी आपण पुढे घसरतो आणि ते घसरणं हातांनी थोपवतो. माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायचं त्याचं अर्धं कारण तिथे निघालं. त्या दोन बोटांची नस तळहाताच्या कडेने जाते आणि हँडलवर नेमकी तीच दबते. उरलेलं अर्धं कारण हँडल लांब असण्याचं होतं. ९० मिलिमीटरचा स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारी दांडी, काढून ७० चा लावला, किंमत फारशी नाही, सायकलवाल्याला दहा मिनिटांचं काम. आता कोपर किंचित वाकलेलं राहतं. जाड पॅडचे हातमोजे त्याआधीच घेतलेले होते आणि खरं तर त्यांची आता गरज उरली नाही. पातळ पॅडचे बरे वाटतात. घाम पुसायला मागे टॉवेलचं कापड असलं म्हणजे पुरे.

पॅडची चड्डी घ्याच, यावर मी वाद घालणार नाही. आत दुसरं काही घालायचं नाही, शिवण घासते. बायका हे ऐकून दचकतात, मीही दचकले होते, पण पॅड त्यासाठीच शिवलेला असतो. खांद्यावरून पट्टे येणारी बिब शॉर्ट सगळे चांगली म्हणतात आणि ती आहेही: पॅड हलत नाही, पोटावर इलास्टिक काचत नाही. पण लघवीला जायचं तर आधी जर्सी काढा, मग पट्टे उतरवा, तेही ढाब्यामागच्या कडी नसलेल्या संडासात. पुरुषांनी लिहिलेल्या अनुभवांत ही ओळ सापडत नाही. मी बिब वेरूळपर्यंतच्या राइडला ठेवली आणि पैठणसाठी रुंद कमरपट्ट्याची साधी पॅडची चड्डी घेतली. थांबायला पेट्रोल पंप बघते, तिथे बहुतेक वेळा संडास असतो. गावात उतरताना वरून एक सैल शॉर्ट चढवते. कोणी काही म्हणत नाही, पण चहा निवांत पिता येतो. पॅड फार जाड नको, दाट हवा. बोटाने दाबल्यावर लगेच तळ लागला तर दोन तासांनी तो नसल्यातच जमा. घरी आल्या आल्या धुवायची, उलटी करून वाळवायची, कपडे मऊ करणारं औषध पाण्यात घालायचं नाही. घासण्याच्या जागी आधी व्हॅसलीन लावते. खास क्रीमही वापरून पाहिलं; उन्हाळ्यात ते जास्त टिकतं, बाकी दिवसांत किमतीएवढा फरक मला जाणवला नाही.

गुडघ्याचं थोडक्यात. समोरून दुखलं तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखलं तर वर. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. तिथून पुढे पाच-पाच मिलिमीटरने सरकवत जायचं. आणि हलका गिअर वापरायची लाज सोडायची. दौलताबादच्या दिल्ली दरवाजात ट्रक आणि बस एकमेकांची वाट अडवून उभे असतात, तिथून थंड पायांनी लगेच खुलताबादचा घाट लागतो. ३४ च्या चेनव्हीलवर मागे ३२ घातलं की पायडलच्या एका फेऱ्याला चाक जेमतेम एक फेरा घेतं. हळू जातं, पण बसून जातं आणि गुडघा शाबूत राहतो. मागे ११-२८ असलेली सायकल घेणाऱ्यांनी वेरूळला एकदा जाऊन मग ठरवावं.

बुटांवर मला फार बोलायचं नाही. क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाचे पायडलला अडकणारे खटके, हवेतच असं नाही. घ्यायचे तर दोन बोल्टचे, तळव्यात बुडालेले एसपीडी घ्या. तीन बोल्टवाले रोडचे क्लीट फरशीवर घसरतात आणि काळ्या मातीत एक पाऊल पडलं की पायडलला बसत नाहीत. बूट संध्याकाळी घ्या, पाय फुगलेले असतात, राइडमध्येही फुगतात.

ऊन हा आपल्याकडचा खरा विषय आहे, आणि बाहेरच्या माहितीत तो दोन ओळींत संपतो. एप्रिल-मेमध्ये पाचला निघून साडेनऊला घरात, यावर दुसरा उपाय नाही. पांढऱ्या बाह्या आणि हेल्मेटखाली ओला पातळ रुमाल या दोन गोष्टींनी महागड्या जर्सीपेक्षा जास्त काम केलं. दोन मोठ्या बाटल्या, त्यातली एक रात्रभर फ्रीजरमध्ये. एका लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. तासाला एक केळं किंवा मूठभर खजूर, भूक लागायच्या आधी. बिडकीनला चुरमुऱ्यांची सुशीला मिळाली तर खाते, पोटात जड होत नाही. तेलकट वडे परतीच्या वाटेवरसुद्धा नकोत. जून-जुलैत पैठणला जाताना वारा तोंडावर येतो आणि परतताना पाठीशी, तेव्हा त्या महिन्यांत जातानाच दमलात तर घाबरू नका.

हँडलच्या टोकाला लावायचा छोटा आरसा घ्या. सगळ्या सामानात स्वस्त आणि जालना रस्त्यावर सगळ्यात उपयोगी. मागे लाल दिवा दिवसाही चालू. कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर बिनदिव्यांचे येतात, त्यांना आपण दिसायला हवं आणि ते आपल्याला. त्यासाठी पुढचा दिवाही नुसता लुकलुकणारा नको, रस्ता दाखवणारा हवा. बीआरएमला रात्री दिवे आणि चमकणारं जाकीट लागतंच. हलकी चाकं, कार्बनचा बाटली-स्टँड वगैरे मी घेतलेलं नाही आणि कोणी फुकट दिलं तरच लावीन.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही: मान. ऐंशी किलोमीटरच्या पुढे मानेच्या मागे आखडतं. हँडल अजून वर घेऊन पाहिलं, थोडा फरक पडला. आता संशय चष्म्यावर आहे. पुढे वाकल्यावर रस्ता काचेच्या वरच्या कडेतून बघावा लागतो, फ्रेमची दांडी नेमकी मधे येते, म्हणून मी मान नको तितकी वर करते. उंच काचेचा, नाकावर वर बसणारा चष्मा करायला टाकलाय. तो घालून पैठण झालं की फरक इथेच लिहीन.