नऊ लिटरचा खोका, अकरा महिने आणि नळीत कोंबलेला मोजा

गेल्या रविवारी मी घरी बनवलेल्या स्पीकरच्या जोडीतल्या उजव्याच्या कागदी कोनमध्ये स्क्रूड्रायव्हर घुसला. निम्मा दोष माझ्या हाताचा, निम्मा चुंबकाचा. टोक फ्रेमजवळ गेलं की ते ओढून घेतं, हे माहीत असूनही मी घाईत होतो. चांगलं चार मिलिमीटरचं भोक पडलं. म्हणून हा अनुभव आत्ता लिहितोय, नाहीतर आळसात आणखी सहा महिने गेले असते.

मुळात स्क्रूड्रायव्हर तिथे का होता? कारण मी खोक्याची मागची फळी फेव्हिकॉल लावून कायमची चिकटवलीय. आत काहीही करायचं म्हटलं की ड्रायव्हर (कोन आणि चुंबकाचा, प्रत्यक्ष वाजणारा भाग) काढा, नऊ सेंटिमीटरच्या भोकातून हात घाला, आत भरलेला कापसासारखा फायबर चाचपडा, हात अडकवून घ्या. अकरा महिन्यांत हे नऊदा केलं. एमडीएफमध्ये (दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या फळीत) लाकडासाठीचा स्क्रू इतक्यांदा काढला-घातला की भोकाचा भुगा होतो. उजवीकडचा एक स्क्रू नुसताच गोल फिरायला लागला, फ्रेमखालून हवा फुसफुसायला लागली, आणि मंद्र स्वरांवर खर्र असा आवाज. तो बंद करायला गेलो आणि वर सांगितलेला पराक्रम झाला.

आता खोका निवडला कसा ते. ड्रायव्हर चार इंची फुल रेंज, म्हणजे सगळे स्वर एकटाच वाजवणारा. एफएस (मोकळा कोन ज्या स्वरात आपोआप डोलतो तो) 75 हर्ट्झ, क्यूटीएस (त्या डोलण्याला आवर किती याचा आकडा; मोठा म्हणजे आवर कमी) 0.45, व्हीएएस (कोनइतकीच लवचिक हवा किती ते) 7 लिटर. मनातून हवा होता बॅक-लोडेड हॉर्न, म्हणजे कोनच्या मागचा आवाज रुंदावत जाणाऱ्या कर्ण्यातून बाहेर काढणारा खोका. फुल रेंजच्या नादी लागलेल्या प्रत्येकाला तोच हवा असतो, कारण तो दिसतोच तसा. पण हॉर्नला दमदार चुंबकाचा, क्यूटीएस 0.3 च्या आसपासचा ड्रायव्हर लागतो. 0.45 वाला त्यात घातला तर बास नुसता ढुम्म करतो. क्वार्टर-वेव्ह पाइप (ध्वनिलहरीच्या पाव लांबीची नळी) करायचा तर 60 हर्ट्झसाठी जवळजवळ 1.43 मीटर लांबी आली. घडी घालून जमलं असतं, पण फळ्यांचा हिशेब केला आणि नाद सोडला. खोक्याविना नुसत्या फळीवर लावायला 0.45 कमी पडतो, शिवाय चार इंचांत बास उरतोच किती. राहिला बास रिफ्लेक्स, म्हणजे नळी बसवलेला खोका; नळीतली हवा ठरावीक स्वरावर घुमून बासला हातभार लावते. सॉफ्टवेअरमध्ये 9 लिटर, 60 हर्ट्झचं ट्यूनिंग, 4 सेंटिमीटर व्यासाची 8.7 सेंटिमीटर लांब नळी असं भरलं. आलेख इतका देखणा आला की पुढे विचार करणंच थांबवलं.

तिसऱ्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर म्हणालो असतो, डोळे मिटून रिफ्लेक्स करा. तेव्हा मी तसं दोघातिघांना सांगितलंसुद्धा. ते मत मागे घेतो.

कुरबुर पाचव्या महिन्यापासून होती. बास गिटारचे काही सूर फुगून यायचे, शेजारचे पातळ. डग्ग्यावरचा घिस्सा तर नाहीच, प्रत्येक घाव एकाच स्वरात घुमायचा. आधी खोलीला दोष दिला, मग भिंतीला, मग ड्रायव्हरला. स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढले, थोडा फरक पडला, पण घुमणं राहिलंच.

खरा चोर सापडला तो माझ्या कंजूषपणात. माझी पुढची फळी 20 सेंटिमीटर रुंद आहे. 115 ला मीटरमधल्या रुंदीने भागलं की साधारण 575 हर्ट्झ येतात. त्याच्या आजूबाजूपासून खालचा आवाज स्पीकरच्या मागे वळून जायला लागतो आणि पुढे पातळ होतो. यालाच बॅफल स्टेप म्हणतात. तो तोटा भरायला वरचा आवाज हिशेबात पूर्ण 6 डेसिबल उतरवायचा, पण खोलीत भिंती मदत करतात म्हणून 4 पुरतात. त्यासाठी ड्रायव्हरच्या वाटेत 1 मिलिहेन्रीची कॉइल (तारेचं वेटोळं) आणि तिला समांतर 4.7 ओहमचा रेझिस्टर लावला. इतपर्यंत बरोबर. पण कॉइल घेतली बारीक तारेची, कारण जाड तारेची महाग होती. बारीक तारेचा स्वतःचा रोध एक ओहम. बासमध्ये करंट त्याच तारेतून जातो, म्हणजे तो एक ओहम ड्रायव्हरच्या पोटातल्या 6 ओहममध्ये मिळवायचा. गणित केलं तर 0.45 चा क्यूटीएस 0.51 च्या पुढे सरकला. सॉफ्टवेअरला हे मी सांगितलंच नव्हतं. ते बिचारं 0.45 धरून देखणा आलेख काढत बसलं होतं.

जाड कॉइल मागवणार, तेवढ्यात पुतण्याने दोन्ही नळ्यांत रंगीत खडूचे तुकडे टाकले. (मुलांना आणि भोकांना काय असतं कोण जाणे.) उजवीकडचे, अर्थातच ड्रायव्हर उघडून, काढले आणि पुन्हा नको म्हणून दोन्ही नळ्यांत एकेक जुना मोजा गुंडाळून घट्ट कोंबला. संध्याकाळी सहज गाणं लावलं आणि हातातलं काम राहून गेलं. डग्गा बोलत होता. दाब देत वर सरकणारा सूर सलग ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बसलो. नळी बंद म्हणजे सीलबंद खोका. सात लिटरचा व्हीएएस नऊ लिटरमध्ये घातला की सगळे आकडे 1.33 पटीने वर जातात. रेझोनन्स (तो आपोआप डोलण्याचा स्वर) 100 हर्ट्झ, आणि 0.51 चा क्यूटीएस होतो 0.68. सपाट उताराचा आदर्श आकडा 0.707! रिफ्लेक्सला बिघडवणाऱ्या त्याच भिकार कॉइलने सीलबंद खोका जुळवून दिला होता. जाड कॉइल घेतली असती तर 0.60 वरच थांबलो असतो. ऐकायला तेही वाईट नसतं, जरा पातळ. मोज्यातून हवा झिरपते म्हणून पुढे फोम लावलेली लाकडी बुचं बसवली. इम्पिडन्स (प्रत्येक स्वराला ड्रायव्हर करंटला किती अडवतो ते) मोजला तर आलेखात आधीच्या दोन टेकड्यांच्या जागी एकच, 102 हर्ट्झवर.

खाली 60 पर्यंत जाणारा आवाज गेला, हे कबूल. सिनेमातले स्फोट आता फटाक्यासारखे वाटतात. पण पूर्वी 60 च्या खालचं काही आलं की कोन मोकाट फडफडायचा, आता आतली हवा त्याला धरून ठेवते. असाच सपाट उतार मिळवायला पाच लिटरचा खोका आणि बरी कॉइलही पुरली असती, हे मात्र बोचतं. चार लिटर हवा उगाच कोंडून ठेवलीय.

कोनच्या भोकावर टिश्यू पेपरचा एक थर पातळ केलेल्या फेव्हिकॉलने दोन्ही बाजूंनी लावला. वजन किंचित वाढलं असणार, कानाला फरक कळत नाही. हुकलेल्या स्क्रूसाठी आतून टी-नट (फळीत ठोकून बसवायचे धातूचे नट) ठोकायचे म्हणजे पुन्हा ड्रायव्हरच्या भोकातून हात घालणं आलं. दहावी वेळ. पुढच्या फळीला आतून त्या भोकाच्या कडेने मी उतार दिलेला नाही, त्यामुळे बोटं सोलतात ती वेगळीच. (तो उतार ड्रायव्हरच्या पाठीमागच्या हवेलाही लागतो, निदान तेवढ्यासाठी तरी द्या.) नवीन जोडी करेन तेव्हा मागच्या फळीला दहा स्क्रू आणि फोमची पट्टी, गोंदाचा थेंबही नाही.

डाव्या खोक्यात हिरव्या खडूचा एक तुकडा अजून आहे. फायबरमध्ये अडकलाय, वाजत नाही, म्हणून मी तिकडे बघत नाही.