एसी-फ्रिजच्या डिप्लोमासाठी कम्युनिटी कॉलेज बघून आलो, त्याचा रिव्ह्यू

मी सावद्याजवळ केळी पिकवायच्या चेंबरवर कामाला आहे. वय २४, बारावी सायन्स झालं आणि मग वडिलांच्या आजारपणात पुढचं शिक्षण राहून गेलं ते राहूनच गेलं. मागच्या मे महिन्यात आमच्या दोन नंबर चेंबरचं कूलिंग संध्याकाळी बंद पडलं, आत १६-१८ डिग्री ठेवावं लागतं आणि बाहेर पारा ४५ च्या घरात, मेकॅनिक जळगावहून येईपर्यंत रात्रीचे अकरा वाजले, तोवर वरच्या क्रेटमधली केळी हाताला मऊ लागायला लागली होती. बिघाड काय निघाला तर कॉन्टॅक्टरचे, म्हणजे मशीन चालू-बंद करणाऱ्या पॅनलमधल्या मोठ्या स्विचचे, पॉइंट जळालेले. पंधरा मिनिटांत काम झालं. माणूस पैसे घेऊन गेला आणि मी तिथेच ठरवलं की हे काम आपण शिकायचंच.

कोणीतरी सांगितलं की जिल्ह्यातल्या एका कॉलेजात कम्युनिटी कॉलेजचा एक वर्षाचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा डिप्लोमा आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) योजना आहे, चालू कॉलेजातच आजूबाजूच्या कामधंद्याला लागणारे कोर्स चालवायचे, साधारण ६० टक्के हातकाम आणि ४० टक्के भाषा, कॉम्प्युटर असे जनरल विषय. सुट्टी टाकून दोन वेळा जाऊन आलो. कॉलेजचं नाव टाकत नाही, कारण खाली काही गोष्टी वाईट लिहिणार आहे आणि त्याचा त्रास वर्कशॉपमधल्या सरांना व्हायला नको, तो माणूस खरंच चांगला आहे.

आधी ऑफिस. खिडकीवरच्या सरांनी प्रॉस्पेक्टस दिलं आणि सांगितलं, "अरे हा डिप्लोमा म्हणजे पॉलिटेक्निकसारखाच, पुढे रेल्वेत पण चालतो." हे ऐकून मी खूप खूष झालो, घरी फोन पण केला. आणि ते चूक आहे भो. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा एमएसबीटीईचा (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचा), तीन वर्षांचा, तो वेगळा आणि हा वेगळा. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटला दहावीसोबत आयटीआय किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा वगैरे मागतात, तिथे हा एक वर्षाचा कागद चालत नाही. हे मला भुसावळला रेल्वेत अप्रेंटिसशिप केलेल्या माझ्या आतेभावाने समजावून सांगितलं तेव्हा कळलं. ज्याला रेल्वे किंवा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीची आशा आहे त्याने सरळ आयटीआयला जावं, तिथे याच कामाचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, दहावीवर मिळतो आणि सरकारी आयटीआयची फी पण कमी. बारावी सायन्स असेल तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला पण अर्ज करता येतो. गरीब घरातलं पोरगं एक वर्ष आणि पैसे घालून बसतं आणि नंतर कळतं, त्यामुळे खिडकीवर असं बोलणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग आला.

आता वर्कशॉप, ज्याच्यासाठी गेलो होतो. जुन्या इमारतीच्या मागे पत्र्याचं शेड आहे, दुपारी आत भट्टी होते, पंखे चार आणि त्यातले दोन चालू. पण मी टेबलावरचा व्हाइस, म्हणजे काम घट्ट धरायचा शिकंजा बघितला, त्याचे जबडे घासून चकचकीत झालेले, हँडलचा रंग उडालेला, म्हणजे पोरं खरंच काम करतात. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो तिथे मशीनवरचं प्लास्टिक पण काढलेलं नव्हतं.

सरांनी विचारलं काय करतो, चेंबरचं सांगितलं तर लगेच तांब्याच्या पाईपचा तुकडा हातात दिला, म्हणे फ्लेअर काढून बघ, म्हणजे जोडासाठी पाईपचं तोंड कर्ण्यासारखं पसरवायचं. मी कटरने कापला, कापल्यावर आत राहिलेली धारदार कड, म्हणजे बर, रीमरने काढायची ती काढली नाही, ब्लॉकमध्ये धरून जोर लावला आणि कडेला चीर गेली. सर रागावले नाहीत. दुसरा तुकडा दिला, बर काढायला लावली, तोंडाला ऑइलचा एक थेंब लावला आणि म्हणाले अर्धा फेर फिरव, मग मागे घे, मग परत. दुसरा व्यवस्थित आला, नट लावून साबणाचा फेस टाकून बघितला, एक बुडबुडा नाही. वीस मिनिटं दिली त्यांनी एका अशा पोराला ज्याने अजून फॉर्म पण भरलेला नाही. आणखी एक, गावाकडे बरेच मेकॅनिक नवीन एसी बसवताना थोडा गॅस सोडून पाईपातली हवा काढतात, इथे सर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल पूर्ण ओढून काढल्याशिवाय गॅस सोडूच देत नाहीत.

उणं काय ते पण लिहितो. शिकायला जास्त करून जुने आर-२२ गॅसचे विंडो एसी आहेत. बाजारात आता घरोघरी आर-३२ वाले इन्व्हर्टर स्प्लिट बसतात, तो गॅस पेट घेऊ शकतो म्हणून त्याची काळजी वेगळी घ्यावी लागते, आणि वर्कशॉपमध्ये इन्व्हर्टर एकच, त्याचं पीसीबीचं, म्हणजे कंट्रोलच्या सर्किट बोर्डाचं, कव्हर स्क्रू लावून बंद. गॅसचं प्रेशर बघायचे आणि गॅस भरायचे गेज मॅनिफोल्ड चार, पोरं तीस. मी चहाच्या टपरीवर चालू बॅचच्या दोघांना विचारलं की वर्षात स्वतःच्या हाताने गॅस किती वेळा भरला, एकाने सांगितलं दोनदा, दुसरा म्हणाला एकदा आणि तो पण सरांनी हात धरून. कोल्ड स्टोरेज किंवा रायपनिंग चेंबरचं थ्री फेज काम तर सिलॅबसमध्ये जेमतेम आहे, आणि रावेर, यावल, सावदा या केळीच्या पट्ट्यात तेच काम सगळ्यात जास्त लागतं, हे कॉलेजला कोणी सांगितलं पाहिजे. मी प्राचार्यांना भेटून सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. महिनाभर ट्रेनिंगला पोरं आमच्या चेंबरवर पाठवा असं पण बोललो, आमचे शेठ तयार आहेत.

अपडाऊनचा विचार आधी करा. सकाळी आठला प्रॅक्टिकल सुरू होतं, माझ्या गावावरून पहिली एसटी पकडली तरी साडेआठ होतात. सरांना विचारलं तर म्हणाले प्रॅक्टिकल बॅच बदलून दुपारची देतो, पण तसं लेखी घ्या. विद्यार्थी पासात ६६ टक्के सवलत आहे म्हणून खर्च परवडतो, त्याला कॉलेजचं बोनाफाईड लागतं, ते ॲडमिशनच्या दिवशीच मागून घ्या. रात्रपाळी चेंबरवर आणि दिवसा कॉलेज, असं माझं जमतं का ते शेठशी बोलून ठरलंय, दोन पाळ्या सोडाव्या लागतील, पगार थोडा कटेल.

पाचपैकी साडेतीन देतो. सरांना पाच, ऑफिसला एक. ज्याला स्वतःचा धंदा टाकायचाय किंवा आधीच या लाईनीत हात आहे त्याच्यासाठी चांगलं आहे, सरकारी नोकरीसाठी नाही. मी फॉर्म भरलाय. जाताना फ्लेअर काढलेला तो दुसरा पाईप सरांनी घेऊन जा म्हटलं, तो चेंबरच्या पॅनलवर ठेवलाय.