धर्मादाय रुग्णालयातली राखीव खाट: सोय चांगली, पण पहिल्या दिवशीच मागायची

विमा नाही आणि डॉक्टर म्हणतात आजच ॲडमिट व्हा. अशा वेळी महाराष्ट्रात एक हक्काची सोय आहे, पण तिची आठवण बहुतेकांना बिल हातात पडल्यावर होते. तोवर उशीर झालेला असतो.

सार्वजनिक न्यास अधिनियमाचं कलम ४१ कक आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू झालेली योजना, हा या सोयीचा आधार. धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत ठेवायच्या आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकासाठी सवलतीत. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. खर्च भागवायला इतर रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते, त्याला सगळे ‘आयपीएफ’ म्हणजे निर्धन रुग्ण निधी म्हणतात. रुग्णालय उपकार करतं असं समजून हात जोडून उभं राहायचं काही कारण नाही. दर्शनी भाग काचेचा आणि चकचकीत आहे म्हणून ते धर्मादाय नसेल असंही धरू नये. नोंदणी न्यासाची आहे का, तेवढं पाहायचं.

मागायचं कुठे? कॅश काउंटरवर नाही, वैद्यकीय समाजसेवकाकडे. पात्रता तोच तपासतो. सोबत रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. हा दाखला आज अर्ज, उद्या हातात असा मिळत नाही, म्हणून घरात जुनं दुखणं असेल तर आधीच काढून ठेवावा. तातडीचा रुग्ण असेल तर अनामत न मागता दाखल करून जीव वाचवणारे उपचार सुरू करणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. कागद नंतर देता येतात.

घोळ होतो तो इथे. गडबडीत नातेवाईक डिलक्स नाहीतर सेमी-प्रायव्हेट खोली घेतात, फॉर्मवर ‘स्वखर्चाने’ असं लिहिलंय तिथे सही करतात आणि पाचव्या दिवशी योजना मागतात. मग ‘खाटा भरल्यात’ हे उत्तर ठरलेलं. ते तोंडी ऐकून परत फिरू नये. अर्ज दोन प्रतींत द्यावा, एकीवर तारीख-वेळेसह पोच घ्यावी. रिकाम्या राखीव खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर असते, तिचा स्क्रीनशॉट जोडावा. दाद सह धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात मागता येते.

बिलाची छाननी हा भाग सगळ्यांत कामाचा. निर्धन रुग्णाला खाट, नर्सिंग, निवासी डॉक्टर, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लागत नाहीत. औषधं, साहित्य आणि इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदी किमतीने धरून आयपीएफमधून वळते व्हायला हवेत. बिलात एमआरपी दिसली तर तिथेच बोट ठेवावं. दुर्बल घटकाला सवलतीचं बिल येतं, आणि औषधं-साहित्याचा निम्मा तरी खर्च स्वतःच्या खिशातून जातो. या गटासाठी योजना खरं तर अर्धीच आहे. चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलमधून आणलेली औषधं रुग्णालयाच्या बिलात येतच नाहीत, मग ती निधीतून वळती कशी होणार? म्हणून औषधं आतल्या फार्मसीतून, आयपीडी क्रमांक (दाखल रुग्णाचा नोंदणी क्रमांक) टाकूनच घ्यावीत.

शस्त्रक्रिया मोठी असेल तर आधी महात्मा फुले जन आरोग्य योजना पाहावी. सगळ्या रेशनकार्डधारकांना, पांढऱ्या कार्डालाही, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. अट एवढीच की रुग्णालय योजनेत हवं आणि उपचार ठरलेल्या यादीत. यादीत न बसणारा ताप, न्यूमोनिया, लांबलेली ॲडमिशन अशा वेळी धर्मादाय खाट कामी येते. आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णालयातल्या या योजनेच्या मदतनिसाने, ‘पॅकेजमध्ये बसत नाही’ म्हटलं, की त्याच मजल्यावर समाजसेवकाची खोली विचारावी.