सातपुड्यातल्या पोषण कार्यक्रमात एआय साधने: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव आणि अक्कलकुवा या तालुक्यांत बालकुपोषणावर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत कार्यक्रमाच्या नोंदी ठेवणे आणि त्यांवरून अहवाल लिहिणे ही माझी जबाबदारी आहे. निधी युरोपातील एका देणगीदार संस्थेकडून येतो, त्यामुळे दर तीन महिन्यांनी इंग्रजीत वृत्तान्त आणि आकड्यांचा तक्ता पाठवावा लागतो. आमचे कार्यकर्ते मात्र मराठीत लिहितात आणि पाड्यांवर पावरी नाहीतर भिलीत बोलतात. जुलै २०२४ पासून मार्च २०२५ पर्यंत, म्हणजे पावसाळ्यापासून होळीपर्यंत, इंग्रजी अहवाल आणि पाड्यांवरची बोली या दोन टोकांमधल्या कामासाठी मी तीन साधी एआय साधने वापरली. एक ध्वनिमुद्रणाचे लिखाण करून देते, दुसरे भाषांतर करते आणि तिसऱ्याशी संभाषण करून मसुदा किंवा तक्त्याची सूत्रे तयार करून घेता येतात. त्यांची नावे देत नाही, कारण पुढे सांगितलेले दोष मला एकाहून अधिक साधनांत दिसले.

हा उद्योग हौसेने सुरू केलेला नव्हता. ज्याला आम्ही सगळे एफसीआरए म्हणतो त्या विदेशी निधीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि केवळ अहवालांसाठी माणूस ठेवणे आमच्या आकाराच्या संस्थेला परवडेनासे झाले. तिमाही संपत आली की दहा-बारा दिवस माझे पाड्यांवर जाणे बंद व्हायचे. ते दिवस परत मिळावेत, एवढीच अपेक्षा होती.

ती बऱ्याच अंशी पूर्ण झाली, हे आधी सांगितले पाहिजे. सर्वांत मोठा उपयोग नोंदी जुळवताना झाला. आमच्या भागात पावरा, वसावे, पाडवी, तडवी अशी मोजकी आडनावे आहेत आणि एकाच मुलाचे नाव अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये एक, आमच्या वहीत दुसरे आणि पोषण पुनर्वसन केंद्राच्या यादीत तिसरे असते. संभाषणाच्या साधनाने मला एक सूत्र करून दिले, ज्याने जन्मतारीख, पाडा आणि नावातील अक्षरांची जवळीक पाहून संशयित जोड्या वेगळ्या निघतात. ती जोडी खरोखर एकच मूल आहे की नाही, हे कार्यकर्ते ठरवतात. पूर्वी दोन दिवस खाणारे हे काम आता एका दुपारी होते. वय पूर्ण महिन्यांत काढणे, एकच वजन दोन महिने उतरवलेले असेल तर ते दाखवणे, यांतही साधन चोख निघाले. इंग्रजी मसुद्याबाबतही तेच. मी मराठीत मुद्दे सांगते, ते सुबक इंग्रजी लिहून देते आणि अहवालाचे दहा-बारा दिवस चारवर आले आहेत. ज्यांचे शिक्षण मराठीत झाले आणि ज्यांना देणगीदारांपुढे आपल्या इंग्रजीचा संकोच वाटतो, अशा सहकाऱ्यांना याने मिळालेला धीर मी जवळून पाहिला आहे.

भाषांतराची कथा वेगळी आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम, धरले जाते. आमचे कार्यकर्ते बोलताना ‘साडेअकराच्या आत’ म्हणतात. ‘मुलगी साडेअकराच्या आत आहे, लगेच भरती करायला हवी’ या निरोपाचे इंग्रजीत ‘मुलीला सकाळी साडेअकरापूर्वी दाखल करायला हवे’ असे झाले. वाक्य निर्दोष होते, अर्थही लागत होता, आणि म्हणूनच ते माझ्या नजरेतून पहिल्यांदा निसटले. दुसरे उदाहरण उसतोडीचे. ‘दिवाळीनंतर पाड्यातून अठरा कोयते गेले, उचल आधीच घेतलेली’ या नोंदीत कोयता म्हणजे ऊस तोडणारे जोडपे आणि उचल म्हणजे मुकादमाने कोयत्यामागे दिलेली आगाऊ रक्कम. इंग्रजीत मात्र अठरा विळे नाहीसे झाले आणि ते आधीच उचलून नेलेले होते, असे आले. उलट दिशेने, देणगीदारांच्या मार्गदर्शिकेतील कृश बालकांसाठीच्या ‘वेस्टेड’ या इंग्रजी शब्दाचे मराठीत ‘तीव्र अपव्यय झालेली बालके’ झाले. अंगणवाडीताईंना हे वाचून काय समजणार?

यावर उपाय सापडला, पण तो हाताने करावा लागला. कार्यकर्त्यांबरोबर बसून आम्ही साठ-सत्तर शब्दांची यादी केली आणि प्रत्येक कामाच्या सुरुवातीला ती साधनाला देऊ लागलो. मोजमाप बोलताना सव्वा, साडे, पावणे टाळून ‘अकरा पॉइंट पाच’ म्हणायचे, असेही ठरले. तेव्हापासून या जातीच्या चुका फार कमी झाल्या.

खरा धोका मला जानेवारीत दिसला आणि या लेखाचे कारणही तेच आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरचा तक्ता मी साधनाला दिला आणि कल काय दिसतो, असे विचारले. डिसेंबरमध्ये सॅम बालकांची संख्या बरीच उतरली होती. साधनाने आत्मविश्वासाने लिहिले की घरभेटी आणि पूरक आहार यांमुळे पोषणस्थितीत लक्षणीय सुधारणा झाली आहे. परिच्छेद इतका नीट होता की तसाच पाठवला असता, तर देणगीदार समाधानी झाले असते. मी तो मराठीत करून एका ज्येष्ठ कार्यकर्तीला वाचून दाखवला. तिने वही पुढे ओढली, डिसेंबरच्या रकान्यातील रिकाम्या चौकटींवरून बोट फिरवले आणि म्हणाली, “ताई, ही पोरं बरी नाही झाली. ही उसाला गेली.”

दिवाळीनंतर आमच्या पाड्यांतील कुटुंबे गुजरातेतील कारखान्यांकडे आणि इतरत्र मजुरीला जातात आणि पुष्कळशी होळीला परततात. सोबत लहान मुलेही जातात, आणि ज्यांच्या घरी सर्वांत जास्त ओढग्रस्त असते त्यांचीच मुले बहुधा सर्वांत कमी वजनाची असतात. वजनाच्या दिवशी मूल नसते, म्हणून चौकट रिकामी राहते. साधनाने ती चौकट मोजणीतून गुपचूप वगळली. दुसऱ्या एका वेळी तर तक्ता नीट लावून देताना त्याने मागच्या महिन्याचेच वजन पुढे भरले आणि तसे केल्याचे मला सांगितलेही नाही. आमच्या कामात रिकामी चौकट ही सर्वांत महत्त्वाची बातमी असते. जे मूल रजिस्टरमध्ये दिसत नाही, ते कुठल्या तरी फडावर, पाचटाच्या खोपीत असते, आणि तिथे त्याला कोणती अंगणवाडी मिळते, हे कोणी पाहिलेले नसते. साधनाला जागा मोकळी ठेवणे जमत नाही. ते ती भरते किंवा पुसते.

ध्वनिमुद्रणाच्या बाबतीतही हेच झाले. नर्मदाकाठच्या एका पाड्यावर एका आईची मुलाखत पावरीत झाली. तिथे मोबाइलला रेंज नसते, म्हणून ध्वनिफीत धडगावला आल्यावर साधनात घातली. त्याने पावरी येत नाही, असे कुठेही म्हटले नाही. त्याने मराठीची अर्धीमुर्धी वाक्ये रचली आणि जिथे ती बाई बराच वेळ गप्प होती तिथे तिने सरकारी योजनेबद्दल समाधान व्यक्त केल्याचे वाक्य घातले. तिच्या न उच्चारलेल्या शब्दांना अवतरणचिन्हे लागून ते युरोपात पोहोचले असते, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटते. तेव्हापासून पावरी आणि भिली मुलाखती आम्ही साधनाला देत नाही. कार्यकर्ता मुलाखत ऐकतो, मराठीत स्वतः सांगतो आणि फक्त ते सांगणे लिहून घेण्यापुरते साधन वापरतो.

पार्श्वभूमीच्या भागातील आकड्यांवरही विसंबू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके खुजी आढळली होती. एका मसुद्यात हाच आकडा नंदुरबार जिल्ह्याचा म्हणून आला. मूळ पत्रक उघडून पाहिल्याशिवाय आता एकही आकडा आत जात नाही.

मुलांची नावे, पाडे आणि आजार बाहेरच्या सेवेत घालणे मला पहिल्यापासून मान्य नव्हते. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. पण कायदा नसता तरी हेच करायला हवे होते. नावे जुळवण्याचे सूत्र खोट्या नावांवर तयार करून घेऊन आमच्या संगणकावरच चालवतो, आणि बाकी ठिकाणी नावाऐवजी क्रमांक असतो. हे किचकट आहे, पण त्यावाचून गत्यंतर नाही.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि विकासक्षेत्रातील अनेक ओळखीच्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हापासून बैठकांमध्ये एक प्रश्न वारंवार येतो, की ही साधने घेऊन एका माणसाने तिघांचे काम का करू नये. माझे उत्तर स्पष्ट आहे. रिकाम्या चौकटीवर बोट ठेवणारी कार्यकर्ती ही त्या तिघांपैकी एक असते, आणि सर्वांत आधी तिलाच कमी केले जाते.

साधने आम्ही पुढेही वापरणार आहोत, संभाषणाच्या साधनाची वर्गणीही भरली आहे. वाचलेल्या सहा-सात दिवसांपैकी एक पूर्ण दिवस आता मसुदा मराठीत करून कार्यकर्त्यांना वाचून दाखवण्यासाठी राखून ठेवला आहे आणि तो अहवालाच्या वेळापत्रकात लिहिला आहे. वजनाच्या वहीत एक नवा रकानाही आखला आहे. चौकट रिकामी सोडायची नाही. मूल कुठल्या कारखान्याकडे, कोणत्या मुकादमाबरोबर आणि कोणाच्या सोबत गेले, ते तिथे लिहायचे. होळीला कुटुंबे परतली तेव्हा त्या नोंदींवरून आम्ही घरे शोधली आणि पहिल्याच आठवड्यात मुलांचे दंडघेर मोजायला सुरुवात केली.