मेक्सिकोतला बोलिंग बॉल घ्यावा की अमेरिकेतला?

टेनपिन बोलिंगसाठी, म्हणजे बॉल घरंगळवत दहा पिना पाडायच्या खेळासाठी, बेळगाव-निपाणी भागातून स्वतःचा बॉल मागवायचा म्हटलं, की ‘मेड इन मेक्सिको’ बघून बरेचजण बिचकतात. ही भीती चुकीच्या जागी आहे, असं मला वाटतं.

बॉल बनवणाऱ्या कंपन्यांपैकी स्टॉर्मचा कारखाना अमेरिकेतल्या युटा राज्यात ब्रिगहॅम सिटीत आहे, मोटिव्हचा मिशिगन राज्यात. ब्रन्सविकनं मात्र २००६ च्या सुमारास मिशिगनमधलं उत्पादन मेक्सिकोतल्या रेनोसाला हलवलं. २०१९ मध्ये एबोनाइट, हॅमर, ट्रॅक आणि कोलंबिया ३०० हे ब्रँडही त्यांनी घेतले, आणि केंटकीत होणारं त्यांचं कामही तिकडंच गेलं.

उद्यमबागेत फाउंड्री बघितलेल्यांना बाकीचं पटकन कळेल. इथंही साचा आणि ओतकामच आहे, फक्त लोखंडाच्या जागी रेझिन, आणि कोअर, म्हणजे आतला गाभा, काढून न टाकता आतच ठेवायचा. मिश्रणाचं प्रमाण चुकलं, कोअर सरकला किंवा रेझिन पुरतं मुरायच्या आधी बॉल पुढं ढकलला, तर माल बिघडणार. गाव कुठलंही असो.

पुरावाही तेच सांगतो. २०१६ मध्ये युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेतल्या बोलिंगचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं, मोटिव्हच्या जॅकल या बॉलची मान्यता काढून घेतली. त्याच्या वजनाच्या वाटणीतला फरक ०.०६० इंचांच्या मर्यादेपलीकडं जात होता. २०२२ मध्ये हॅमरच्या पर्पल हॅमर या बॉलला राष्ट्रीय स्पर्धांत बंदी आली. कारण २०१६-१७ मध्ये बनलेल्या बॉलचं कवच ठरल्यापेक्षा मऊ निघालं. हे बॉल हॅमर मेक्सिकोला जायच्या आधीचे आहेत!

आता तडकण्याचं. रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनला, म्हणजे वळणाऱ्या बॉलच्या कवचाला, तापमानाचा झटका सोसत नाही. मे महिन्यात गाडीच्या डिकीत बॉल टाकून गोव्याला किंवा बेंगळुरूला निघालात आणि तिथं थेट एसीत काढलात, तर कुठल्याही देशाचा बॉल बोटांच्या भोकांपाशी चिरू शकतो. भोकं नीट पाडली नसतील तर आणखी लवकर.

पहिलाच बॉल असेल तर साधा पॉलिस्टर घ्या, आणि तो मेक्सिकोचा असला तरी बिनधास्त घ्या. सरळ जाणाऱ्या या बॉलमध्ये देशाचा फरक जाणवणारच नाही. तेलकट लेनवर (बॉल टाकायच्या पट्टीवर) हुक मारायचा, म्हणजे बॉल वळवायचा असेल, तर मी स्टॉर्म किंवा मोटिव्हकडं झुकेन, पण एका अटीवर: तुमच्या हाताचं माप घेऊन भोकं पाडणारा माणूस गाठीभेटीच्या अंतरावर हवा. तो फक्त ब्रन्सविकचा माल ठेवत असेल आणि चीर गेल्यास बदलून देत असेल, तर ब्रन्सविकच घ्या.