फर्स्ट लेगो लीगचा एक अख्खा हंगाम, अमळनेरातून: वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात आम्ही अमळनेरच्या पाच घरांनी वर्गणी काढून लेगोचा स्पाइक प्राइम हा रोबोट बांधायचा संच घेतला आणि मुलांची टीम फर्स्ट लेगो लीग या रोबोट स्पर्धेत उतरवली. हंगाम संपला, धावपळ ओसरली. जळगाव-धुळ्याकडचे ओळखीचे पालक अजून विचारतात, "घ्यावा का? मुलांना खरंच काही येतं का?" म्हणून जरा सविस्तर लिहिते. संच चांगलाच आहे, पण मुलं जे शिकली ते मुख्यतः स्पर्धेच्या नियमांमुळे, असं माझं ठाम मत झालं आहे.

आधी थोडक्यात माहिती. फर्स्ट ही संस्था डीन केमन यांनी 1989 मध्ये अमेरिकेत सुरू केली, आणि लेगोबरोबरची ही मुलांची लीग 1998 पासूनची. चॅलेंज गटात आपल्याकडे 9 ते 16 वयाची मुलं चालतात, टीममध्ये जास्तीत जास्त दहा. दर ऑगस्टमध्ये नवा विषय येतो. 2025-26 चा विषय होता पुरातत्त्व, हंगामाचं नाव 'अनअर्थ्ड'. गुणांचे चार सारखे भाग असतात: टेबलावरचा खेळ (रोबोटने ठरलेली कामं करून दाखवायची), रोबोटची रचना, नावीन्याचा प्रकल्प आणि एकमेकांशी वागणं. रोबोट कितीही छान पळाला तरी त्याचे गुण पाव हिश्शाचेच. हे ऐकून सुरुवातीला काही वडील मंडळी नाराज झाली होती. मला मात्र हीच या स्पर्धेची सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते.

संचात 528 तुकडे, सहा पोर्टांचा हब (रोबोटचा मेंदू), तीन मोटारी आणि रंग, अंतर व दाब ओळखणारे सेन्सर येतात. स्पर्धेत चार मोटारी लावता येतात, म्हणजे एक वेगळी घ्यावी लागते. कोडिंग स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रामिंगसारखे पडद्यावरचे ठोकळे जोडूनही होतं आणि पायथन भाषेत लिहूनही. आमची सहावी-सातवीची मुलं ठोकळ्यांवर रमली, नववीतली ताई दिवाळीनंतर पायथनकडे वळली.

टेबल मात्र आपलं आपणच करून घ्यावं लागतं. आतलं माप 2,362 बाय 1,143 मिलिमीटर, म्हणजे 93 बाय 45 इंच, आणि कडेने भिंत. आमच्या मिस्त्रीभाऊंनी मिलिमीटरचा कागद बाजूला ठेवला, इंच आणि सुतात माप घेतलं आणि प्लायवूड असं चोख बसवलं की त्यावर अंथरायची खेळाची चटई एकदाही सरकली नाही. भिंत सरळ असणं फार महत्त्वाचं, कारण मुलं रोबोटची पाठ भिंतीला टेकवून त्याची दिशा सरळ करून घेतात. टेबल खोलीत ठेवा, ओसरीत नको. आपल्याकडची बारीक धूळ टायरला बसली की चाक घसरतं आणि काल बरोबर थांबलेला रोबोट आज दोन बोटं आधीच थांबतो. दर फेरीआधी ओल्या फडक्याने टायर पुसायचा नियम मुलांनीच केला.

आता एक प्रसंग जरा तपशिलात सांगते, कारण पैसे वसूल झाले ते तिथे. रोबोट सरळ जाताना हळूहळू डावीकडे ओढायचा. मुलांनी आधी चाकं बदलली, मग वजन हलवलं. चाकाचा व्यास 5.6 सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात साधारण 17.6 सेंटिमीटर, हा हिशेब त्यांनी आधीच मांडला होता. अंतर जुळायचं, दिशा चुकायची. मग हबमधल्या गायरोकडे लक्ष गेलं. रोबोट किती अंश वळला ते गायरो सांगतो. तो आकडा काही पट करून उलट चिन्हाने स्टिअरिंगला दिला, की रोबोट स्वतःच सावरतो. आमच्या सातवीतल्या मुलाने उणे चिन्ह विसरून प्रोग्राम चालवला आणि रोबोट सावरायच्या ऐवजी गरगर फिरला. सगळी ओरडली. तो मुलगा शांतपणे वहीत आकडे मांडत बसला: तीन अंश डावीकडे म्हणजे उणे तीन, त्याला उणे दोनने गुणलं की अधिक सहा, म्हणजे उजवीकडे सहा. उणे गुणिले उणे अधिक का होतं, हे त्याने त्या संध्याकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पूर्णांक संख्यांचा धडा त्याने शाळेत केव्हाच पाठ केला होता.

टेबलावरचा खेळ अडीच मिनिटांचा. रोबोट टेबलावरच्या 'घर' नावाच्या जागेबाहेर असताना हात लावून थांबवला की एक टोकन जातं. सुरुवातीला सहा टोकनं असतात आणि त्यांचे 50 गुण. गंमत अशी की पाच उरली तरी 50 च, चार उरली की मात्र 35. हे नियमावलीत बारकाईने वाचून काढलं टीममधल्या सगळ्यात लहान मुलीने. मग ठरलं, पहिली चूक बिनधास्त सुधारायची, दुसरीपासून विचार करायचा. सरावात दुसऱ्या वेळी कोणाचा हात पुढे गेला की बाकीचे अहिराणीत ओरडायचे, "हात नको लावू, टोकन जाई!" मोठ्यांना त्या टेबलाजवळ काही बोलायला मुभा नाही. पालक म्हणून ते जड जातं, पण मुलं निर्णय घ्यायला तिथेच शिकली.

प्रकल्पाच्या बाबतीत खान्देशातल्या टीमला या वर्षी घरचंच साहित्य मिळालं. तापीकाठच्या प्रकाशा इथे 1955 मध्ये उत्खनन झालं. जवळच्याच सावळद्याच्या नावाने 'सावळदा संस्कृती' ओळखली जाते, साधारण चार हजार वर्षांपूर्वीची. मुलांनी प्रश्न निवडला तो शेतातल्या पांढरीचा. जुन्या वस्तीच्या टेकाडावरची पांढरी माती लोक शेतात टाकायला नेतात, नांगराला खापरं लागतात आणि कुठून काय निघालं याची नोंदच राहत नाही. मुलांनी शेतकऱ्यासाठी एका पानाचा सोपा मराठी नमुना केला: खापराचा फोटो शेजारी रुपयाचं नाणं ठेवून काढायचा, म्हणजे आकार कळतो, आणि जागा, खोली, तारीख लिहायची. शेजारच्या गावातल्या एका आजोबांनी तो वाचून विचारलं, "पोरांनो, हे लिहून दिलं तर माझं शेत सरकार घेणार नाही ना?" हा प्रश्न मुलांच्या डोक्यात आलाच नव्हता. त्यांनी नमुना बदलला, गट नंबर काढून फक्त गाव आणि शिवार ठेवलं. परीक्षकांसमोर प्रकल्प मांडायला पाच मिनिटं मिळतात, त्यातलं एक मिनिट त्यांनी आजोबांच्या या प्रश्नाला दिलं. मुलं मराठी-इंग्रजी मिसळून बोलली आणि परीक्षकांनी मन लावून ऐकलं.

आता अडचणी. एका घराने एकट्याने करावा असा हा खर्च नाही. संच, जादा मोटार, टेबल, हंगामाचं साहित्य, नोंदणी आणि मोठ्या शहरापर्यंतचा प्रवास धरून बजेट करा. आम्हाला मोटार पाठवायला विक्रेत्याने इतका उशीर केला की दिवाळीची सुट्टी तशीच गेली, फोनवर नुसते वायदे. म्हणून खरेदी पावसाळ्यातच उरका. दुसरी गोष्ट, हंगामाचा ऐन भर आणि कापूस वेचणीचा भर एकाच वेळी येतो. टीममधल्या दोन मुलांची घरं शेतकरी, त्यांचे रविवार शेतात जायचे. आम्ही सराव संध्याकाळी साडेसातनंतर ठेवला, तेव्हा कुठे सगळी एकत्र आली. सहामाहीच्या काळात सराव बंदच ठेवा, ओढाताण करू नका.

एका शहरी क्लासने आम्हाला "तयार रोबोट आणि तयार कोड" देऊ केला होता. आम्ही नाही म्हटलं, तुम्हीही नाही म्हणा. रचनेच्या फेरीत परीक्षक मुलांनाच विचारतात, रोबोटचा हा हात असाच का, आधी काय करून पाहिलं, का बदललं. उसन्या कोडवर ही उत्तरं मुलांना देता येणार नाहीत.

मूल नुकतंच सुरुवात करत असेल तर लगेच संच घेऊ नका. स्क्रॅच फुकट आहे, 2007 पासून जगभरची मुलं त्यावर शिकतात. वर्षभर त्यात खेळ बनवू द्या. शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली, वस्तू बनवून शिकायची प्रयोगशाळा) असेल तर आधी मुख्याध्यापकांना भेटा, सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच ती आहे, आणि कुलूप लावलेली असेल तर उघडायला सांगा. पाच-सहा जिद्दी मुलं आणि शनिवारी-रविवारी वेळ देणारे दोन पालक जमले, की मग संचाचा विचार करा.

आमचा संच आता पुढच्या बॅचकडे गेला आहे. नववीतली ताई त्यांना शिकवते. तिने पहिल्या दिवशी रोबोट बांधायलाच दिला नाही, सगळ्यांना नियमावली वाचायला बसवलं.